वादविवाद स्पर्धेत पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनी नेमकं करायचं काय?

कोरी_वही
नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे, लहानपणापासून वक्तृत्व स्पर्धा करते, कपाटात ढाली बऱ्यापैकी जमल्यात. या वर्षी तिला वादविवादाच्या टीममध्ये घेतलंय. तीन जणांची टीम, विषय स्पर्धेच्या ठिकाणीच एक तास आधी सांगणार आणि बाजूने बोलायचं की विरोधात तेही तेव्हाच कळणार. हे ऐकल्यावर तिचा पहिला प्रश्न, "मामा, मग पाठ कधी करायचं?" मला हसू आलं, पण उत्तर काही देता आलं नाही, कारण आमच्या वेळी वादविवाद म्हणजे पण पाठ केलेलं भाषणच असायचं, फक्त शेवटी 'म्हणून मी या विषयाच्या विरोधात आहे' असं जोरात म्हणून खाली बसायचं. तर ज्यांनी हा प्रकार केलाय किंवा मुलांकडून करून घेतलाय त्यांनी प्लीज अगदी ग म भ न पासून सांगा.

खडूफळा
भाचीच्या प्रश्नाचं उत्तर 'कधीच नाही' :)

मी बरीच वर्षं मुलांची तयारी करून घेतोय आणि सगळ्यात जास्त घाम मला वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेल्या मुलांनीच फोडलाय. आवाज छान, हातवारे छान, पण कान बंद. वक्तृत्वात तुमच्या आधी कोण काय बोललं याच्याशी तुमचं देणंघेणं नसतं, इथे तेच सगळं असतं. एक मुलगी होती, विषय गृहपाठ बंद करण्याचा आणि ही विरोधात. समोरच्या टीमने पहिल्याच भाषणात सांगून टाकलं की वर्गात सराव व्हायला हवा हे आम्हाला मान्य आहे, आमचा आक्षेप फक्त तो घरी करायला लावण्याला आहे. आणि आमची बाई उठून दोन मिनिटं सराव किती महत्त्वाचा यावर बोलली, सुरेख बोलली, मध्ये एक सुभाषित पण टाकलं. परीक्षकांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं ते मला मागच्या रांगेतून दिसलं. जे समोरच्याने आधीच देऊन टाकलंय तेच ती झगडून मागत होती.

म्हणून पहिला धडा ऐकण्याचा, बोलण्याचा नंतर. आणि ते 'आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक आणि माझ्या बंधू-भगिनींनो' एका दमात आटपायला सांगा, काही मुलांची त्यातच वीस-पंचवीस सेकंदं जातात.

बाकावरचा
वाचतोय. धाग्याला शुभेच्छा.

दुसरी_बेल
तीन जण आणि एक तास तयारी म्हणजे बहुतेक वर्ल्ड स्कूल्स पद्धत असणार, पण आयोजकांचं नियमपत्रक आधी नीट वाचा कारण प्रत्येक जण थोडेफार फेरफार करतो. मूळ पद्धत अशी की दोन टीम, प्रत्येकी तीन भाषणं आठ-आठ मिनिटांची, आलटून पालटून, सुरुवात प्रस्तावाच्या बाजूने. ती सहा भाषणं झाली की दोन्हीकडून चार-चार मिनिटांचं एकेक समारोपाचं भाषण, त्याला रिप्लाय म्हणतात, ते टीमच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्याने करायचं, तिसऱ्याने नाही, आणि गंमत म्हणजे ते आधी विरोधक करतात. म्हणजे विरोधकांचा तिसरा वक्ता आणि त्यांचा रिप्लाय लागोपाठ येतो. नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात, आपली पाळी समजून चुकीची उठतात.

मार्क १०० पैकी, त्यात मजकूर ४०, शैली ४० आणि डावपेच २०. म्हणजे भाचीचं वक्तृत्व अगदीच वाया जात नाही हो, ४० मार्क आहेत त्याला.

बाकी पद्धती पण पुष्कळ आहेत. कॉलेजात जास्त चालते ती ब्रिटिश पार्लमेंटरी, उर्फ बीपी. त्यात एकाच वादात चार टीम, प्रत्येकी दोघं, दोन टीम सरकारच्या बाजूला आणि दोन विरोधी बाकांवर, भाषण सात मिनिटं आणि तयारीला फक्त १५ मिनिटं. त्यात आपल्याच बाजूच्या दुसऱ्या टीमशीपण स्पर्धा असते कारण चारही टीमना पहिला ते चौथा नंबर मिळतो. लिंकन-डग्लस म्हणून एक असते, एकास एक. नाव १८५८ साली इलिनॉयमध्ये सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि डग्लस यांचे सात वाद झाले त्यावरून पडलं. त्या मूळ वादात पहिला माणूस एक तास बोलायचा, दुसरा दीड तास, मग पहिला परत अर्धा तास. आठ मिनिटं पुरत नाहीत म्हणणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगते, आणि पुरून उरतात म्हणून घाबरणाऱ्यांना पण.

कोरी_वही
बापरे, बरंच आहे. दुसरी_बेल, नियमपत्रक काढून बघितलं, तुम्ही म्हणता तसंच आहे जवळजवळ, फक्त भाषण आठच्या ऐवजी पाच मिनिटांचं. आता मला सांगा, तो जो एक तास मिळतो त्यात करायचं काय? आणि तीन जणांनी वाटून काय घ्यायचं?

खडूफळा
पहिली दहा मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. तिघांनी आपापल्या कागदावर सुचेल ते लिहायचं, दोन्ही बाजूंचं. हे मुलांना अजिबात आवडत नाही कारण त्यांना लगेच चर्चा करायची असते, पण चर्चा सुरू झाली की ज्याचा आवाज मोठा त्याचा मुद्दा टीमचा मुद्दा होतो आणि बाकी दोघांच्या डोक्यातलं डोक्यातच राहतं. मग एकत्र बसून दोन, फार तर तीन मुद्दे निवडायचे. सात नाहीत. सात मुद्दे म्हणजे सात मथळे.

वाटणी साधारण अशी. पहिला वक्ता विषयातल्या शब्दांचा अर्थ सांगतो आणि दोन मुख्य मुद्दे मांडतो. दुसरा समोरच्यांना उत्तर देतो, आपल्या मोडलेल्या मुद्द्यांची डागडुजी करतो आणि तिसरा मुद्दा आणतो. तिसऱ्याने नवीन मुद्दा जवळजवळ आणायचाच नाही, त्याचं काम वाद कुठे कुठे अडलाय ते दाखवून तिथे आपण का पुढे आहोत हे सांगायचं. म्हणून सगळ्यात चांगलं ऐकणारा तिसऱ्या जागी बसवा, सगळ्यात चांगलं बोलणारा नव्हे.

आता मुद्दा म्हणजे काय, हे खरं महत्त्वाचं. गृहपाठाचाच विषय घेऊ, आपण प्रस्तावाच्या बाजूने. मुलं लिहितात 'गृहपाठामुळे ताण येतो'. हा मुद्दा नाही, हे नुसतं विधान आहे, भिंतीवर लिहिलेल्या सुविचारासारखं. मी दोनच प्रश्न विचारत सुटतो, 'कशावरून?' आणि 'मग काय बिघडलं?' मुलं वैतागेपर्यंत.

कशावरून? गृहपाठ अडला की घरात कुणाला तरी विचारावं लागतं. मग काय बिघडलं? सगळ्यांच्या घरात विचारायला कुणी नसतं, असलं तरी त्याला वेळ नसतो. मग? म्हणजे दुसऱ्या दिवशी शिक्षक वहीत जे तपासतात तो त्या मुलाचा अभ्यास नसतोच, त्याच्या घरात कोण आहे याचा तपास असतो. मग काय बिघडलं? शिक्षकांना वाटतं हा आळशी आहे आणि चार महिन्यांनी त्यालाही वाटायला लागतं की गणित आपल्यासाठी नाहीच. आणि हे ज्याला शाळेची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याच बाबतीत होतं.

आत्ता कुठे मुद्दा झाला. ताण हा शब्द एकदाही आला नाही बघा. अशी साखळी असली की समोरच्याला तोडायला कडी शोधावी लागते, नुसतं 'थोडा ताण चांगलाच असतो' म्हणून सुटता येत नाही.

उलटतपासणी
खडूफळा +१. व्याख्येबद्दल जरा लिहितो कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडलोय.

कॉलेजला पहिल्या वर्षी आम्हाला असाच काहीतरी गृहपाठाचाच विषय आला होता, आम्ही बाजूने. माझ्या पार्टनरच्या डोक्यात भन्नाट आयडिया आली की गृहपाठ म्हणजे फक्त ते बाजारातून सामान आणून चिकटवायचे प्रोजेक्ट, अशीच व्याख्या करायची, मग विरोधक काय बोलणार? आम्ही स्वतःवर भयंकर खूश. समोरची पोरगी उठली आणि शांतपणे म्हणाली की या व्याख्येने आजचा वाद होऊच शकत नाही, कोणत्याही सामान्य माणसाला गृहपाठ म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं त्यावर आम्ही बोलणार आणि तुम्ही म्हणता ते प्रोजेक्ट बंद झाले तरी तुमचा प्रस्ताव सिद्ध होत नाही. संपलं. पुढची सगळी भाषणं आम्ही आमची व्याख्या वाचवण्यात घालवली. परीक्षक नंतर म्हणाले, विषय तुम्ही घरीच ठेवून आलात.

तर नियम सोपा आहे, रस्त्यावरच्या चार शहाण्या माणसांना पटेल तो अर्थ घ्या आणि समोरच्यालाही बोलायला जागा ठेवा. त्यातून विषय 'अमुक करावं' असा असेल तर बाजूने बोलणाऱ्यांनी कोण करणार, कसं करणार, कुणाला सूट हे दोन-तीन वाक्यांत सांगून टाकायचं. नाहीतर विरोधक त्यांना सोयीची योजना तुमच्या नावावर खपवतात. आणि 'अमुक चांगलं आहे की वाईट' असा विषय असेल तर योजनेत वेळ घालवायचा नाही, तिथे चांगलं कशाला म्हणायचं याचं माप आधी ठरवावं लागतं. विषय कुठल्या जातकुळीचा आहे हे ओळखण्यात पहिली पाच मिनिटं गेली तरी चालतील.

तिरकी_रेघ
सगळं ठीक, पण मला मुळातच प्रश्न आहे. बाजू चिठ्ठी टाकून ठरणार म्हणजे मुलीला जे पटत नाही ते पण ती ठासून सांगणार. हे शिकवायची खरंच गरज आहे का? टीव्हीवर रोज संध्याकाळी तेच चाललेलं असतं की, कुठलीही बाजू घ्या आणि ओरडा. आपण अजून चार तयार करणार.

जुनी_पोथी
तिरकी_रेघ, तुमची शंका जुनीच आहे, अगदी न्यायसूत्रांइतकी, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथाइतकी जुनी. तिथे चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला केलेली चर्चा. जल्प म्हणजे फक्त जिंकायला केलेली, त्यात शब्दच्छल वगैरे सगळं चालतं. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू काही मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची मोडायची. आपण 'वितंडवाद घालू नको' म्हणतो तो शब्द तिथला. टीव्हीवर असतं ते दुसरं आणि तिसरं.

आणि पटत नसलेली बाजू मांडण्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची रीतच ती, आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आणि मगच त्याचं खंडन. पूर्वपक्ष लेचापेचा मांडला तर त्याचं खंडन करून मिळालं काय? माझं तर मत आहे की ज्या मुलीला स्वतःला न पटणारी बाजू पाच मिनिटं नीट मांडता येते तिला ओरडायची गरज कमी पडते.

तिरकी_रेघ
शेवटचं वाक्य ऐकायला छान आहे, पण स्पर्धेत बक्षीस शेवटी जिंकण्याला असतं, खरं शोधण्याला नाही. म्हणजे तुमच्याच हिशोबाने तो जल्प झाला.

जुनी_पोथी
अर्धं मान्य. स्पर्धा जल्पाकडे झुकतेच. म्हणूनच परीक्षक लागतात ना, छल केला तर मार्क कापायला.

उलटतपासणी
यावरून आठवलं, थोडं अवांतर. फेब्रुवारी १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनियनमध्ये, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या वादसभेत, 'हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही' असा ठराव चर्चेला आला आणि २७५ विरुद्ध १५३ मतांनी पास झाला. केवढा गहजब, वर्तमानपत्रांनी पोरांना भित्रे ठरवलं, चर्चिल तुटून पडले. आता त्यात मनापासून युद्धविरोधी असलेले पण बरेच होते, पण 'वादात अमुक बाजूला मत दिलं म्हणजे शपथच घेतली' असं बाहेरच्यांना वाटतं हे तेव्हापासून चालत आलंय. 'हे सभागृह' अशी विषयाची सुरुवात असते ना, ती एवढ्यासाठी उपयोगाची आहे, बोलणारा सभागृहाच्या वतीने बोलतोय, त्याच्या घरच्या मताबद्दल त्याला जाब विचारायचा नसतो. भाचीला हे एकदा सांगा, काही संवेदनशील मुलांना बाजू मिळाल्यावर खरंच अपराधी वाटतं.

दुसरी_बेल
गाडी रुळावर आणते :) दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत अजून. कागद आणि पीओआय.

कागद: मोठा कोरा कागद आडवा घ्यायचा, जितकी भाषणं तितके उभे रकाने. आपली टीम निळ्या पेनाने, समोरची लाल. समोरच्याने मुद्दा मांडला की लाल पेनाने चार शब्दांत लिहायचा, पूर्ण वाक्य अजिबात नाही, आणि आपल्या माणसाने त्याला उत्तर दिलं की शेजारच्या रकान्यात त्याच उंचीवर निळ्याने लिहून बाण काढायचा. तीन भाषणं झाली की कागद स्वतःच बोलायला लागतो. ज्या लाल मुद्द्यासमोर निळं काहीच नाही ते तुमचं भोक आणि ज्या निळ्यासमोर लाल नाही ते त्यांचं. माझ्या एका विद्यार्थ्याने फायनलला उठून एवढंच सांगितलं, की आमचा दुसरा मुद्दा पहिल्या भाषणात आला, त्याला आता तीन भाषणं झाली, समोरून एक अक्षर नाही. परीक्षकांनी मान डोलावून स्वतःच्या कागदावर गोल केला. हे पाठांतराने जमत नाही.

पीओआय म्हणजे पॉइंट ऑफ इन्फर्मेशन, समोरच्याचं भाषण चालू असताना उभं राहून विचारलेला प्रश्न किंवा टोला. भाषणाच्या पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात विचारता येत नाही, त्या वेळी बेल वाजते, मधल्या काळात चालतो. रिप्लायमध्ये तर अजिबात नाही. १५ सेकंदांच्या आत संपवायचा. घ्यायचा की नाही हे बोलणाऱ्याने ठरवायचं, हाताने बसा म्हणून खुणावलं तरी चालतं, रागवायचं काही नाही. आठ मिनिटांत दोन घ्यावेत असा संकेत आहे, तुमच्या पाच मिनिटांत एक पुरे. एकही घेतला नाही तर घाबरलात असं दिसतं आणि चार घेतले तर भाषण त्यांचंच होऊन बसतं. घेताना आपलं चालू वाक्य पूर्ण करून मग 'विचारा' म्हणायचं. मुलं अर्ध्या वाक्यात थांबतात आणि उत्तर देऊन झाल्यावर 'मी कुठे होते' म्हणून छताकडे बघतात.

कोरी_वही
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल घरीच एक फेरी केली. मी बाजूने, ती विरोधात, पाच-पाच मिनिटं, टायमर लावून. विषय गृहपाठाचाच घेतला (खडूफळा, तुमची साखळी मी ढापली). दोन अडचणी आल्या. एक म्हणजे ती माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत बसली, अगदी मी चुकून चार महिन्यांच्या ऐवजी पाच म्हणालो त्यालाही, आणि स्वतःचा मुद्दा सुरू केला तेव्हा चाळीस सेकंद उरले होते. दुसरं, दर दोन वाक्यांनंतर 'माझ्या विरोधी मित्राला एवढंही कळत नाही'. मामाला चालतं, परीक्षकांना चालेल का?

खडूफळा
दुसऱ्याचं आधी, नाही चालणार. माणसाबद्दल काही बोलायचं नाही, मुद्द्याबद्दल हवं तेवढं. ते वाक्य 'हा मुद्दा इथे अपुरा पडतो' असं करून घ्या, धार तेवढीच राहते.

पहिलं सगळ्यांचंच होतं. खंडन म्हणजे चुका काढणं अशी समजूत असते. समोरच्याची सगळी इमारत पाडायची नसते, ज्या खांबावर छत आहे तो बघायचा. तिला सांगा, ऐकताना प्रत्येक मुद्द्यासमोर एक प्रश्न लिही, 'हे खरं मानलं तर मी हरते का?' उत्तर नाही असेल तर सोडून दे. चार की पाच महिने, काय फरक पडतो?

आणि जो खांब सापडेल त्याला हात घालायचे रस्ते मोजकेच आहेत. हे खरं नाही. खरं आहे पण या विषयाशी संबंध नाही. खरं आहे पण लहान आहे, आमचं नुकसान मोठं. आणि सगळ्यात मजा येते तो, खरं आहे पण ते आमच्याच बाजूचं आहे. तुमच्या साखळीलाच लावून दाखवतो. घरात विचारायला कुणी नाही हे खरं, मान्य. पण गृहपाठ बंद केला की ज्यांच्याकडे पैसे आहेत ते शिकवणी लावणार, सराव विकत घेणार, आणि ज्याच्या घरात कुणी नाही त्याचा होता तेवढाही सराव गेला. म्हणजे ज्या मुलाची तुम्हाला काळजी आहे त्याचंच तुम्ही जास्त नुकसान करताय. बघा, मामांचा एकही शब्द खोटा ठरवला नाही.

वेळेचं म्हणाल तर पाच मिनिटांत दीड मिनिट खंडन, तीन मिनिटं स्वतःचं, उरलेल्यात शेवट. ही वाटणी दुसऱ्या वक्त्याची, पहिली असेल तर खंडन अजून कमी, आणि प्रस्तावाच्या बाजूने पहिलीच असेल तर खंडन करायला कुणी नसतंच.

दुसरी_बेल
तिला टीमच्या दोघांबरोबर बसवून बोटांच्या खुणा ठरवून घ्या, दोन मिनिटं उरली की दोन बोटं, एक उरलं की एक. बोलणाऱ्याने स्वतः घड्याळाकडे बघितलं की लय जाते. आणि मोबाइल तयारीच्या खोलीत चालतो का ते नियमपत्रकात बघा, बऱ्याच ठिकाणी नाही चालत, म्हणून हातातलं साधं घड्याळ न्या.

कोरी_वही
आज बाजू बदलून खेळलो. ती बाजूने, मी विरोधात. खडूफळांचा शिकवणीचा मुद्दा मी मारला तर ती दोन सेकंद कागदाकडे बघत बसली आणि म्हणाली, की म्हणजे गृहपाठ असतानाही शिकवणी लागतेच ना, मग सराव विकतच घेतला जातोय, गृहपाठाने ते कुठे थांबवलं? मी गप्प. आजीने तिला मार्क दिले, मला 'उगाच हात फार हलवतोस' एवढीच प्रतिक्रिया.

एक शंका राहिली. तिचं सगळं सांगून झालं तेव्हा टायमरवर वीस सेकंद बाकी होते. ती विचारतेय, उरलेल्या वीस सेकंदांत काय बोलायचं?

खडूफळा
काही नाही. बसायचं.